घरातला कार्बन: एसीचा गॅस, ओला कचरा आणि सकाळचं गरम पाणी

बाल्कनीतला नऊ वॅटचा एलईडी रोज रात्री दहा तास जळत राहिला, तर महिन्याला तीन युनिटसुद्धा होत नाहीत. तरी घराघरात वाद होतात ते त्या दिव्यावरून. पर्यावरणाच्या नावाने आपण ज्या गोष्टींवर लक्ष ठेवतो आणि ज्या गोष्टींतून खरोखर कार्बन निघतो, त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. म्हणून आधी हिशोब.

त्याला चार आकडे पुरतात. महावितरणच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, कारण देशातली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो. पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, डिझेलच्या लिटरमागे २.७. समजा पुण्यात कोथरूडच्या किंवा हडपसरच्या फ्लॅटमधलं चौघांचं घर आहे. महिन्याला २०० युनिट वीज, वर्षाला आठ सिलिंडर, स्कूटर आणि कार मिळून महिन्याला ४० लिटर पेट्रोल. वर्षाचे होतात विजेचे जवळपास १,६८० किलो, गॅसचे ३४०, पेट्रोलचे १,१००. म्हणजे तीन टनांच्या थोडं वर. तुमचे आकडे घालून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. फक्त वर्षभराची बिलं घ्या. एकट्या मे महिन्याच्या बिलावरून काढलेला हिशोब फसवा असतो.

पण या यादीत फक्त बिल येणाऱ्या गोष्टी आल्या. ज्यांचं बिल येत नाही अशा दोन गोष्टी बाहेरच राहतात, आणि त्यातली एक तर एका झटक्यात वर्षभराच्या विजेला मागे टाकते.

एसीचा गॅस "संपत" नाही

एसीच्या आउटडोअर युनिटवरची चिठ्ठी वाचा. तिथे गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. जुन्या एसीत आर-२२, मधल्या काळातल्यात आर-४१०ए, हल्लीच्या बहुतेकांत आर-३२. दीड टनाच्या एसीत साधारण ७०० ग्रॅम ते एक किलो गॅस असतो. आर-४१०ए हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट तापवतो. आर-२२ चा आकडा १,८१०, आर-३२ चा ६७५. म्हणजे ९०० ग्रॅम आर-४१०ए गळून गेला, की सुमारे १,८८० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. वरच्या घराची अख्ख्या वर्षाची वीज त्याहून कमी भरते. आर-३२ असला तरी ६०० किलो, म्हणजे जवळपास साडेआठशे युनिट.

आणि आपल्याकडे दर उन्हाळ्यात "गॅस टॉप-अप" करून घेणं सर्व्हिसिंगचा भाग समजतात! फ्रिजमध्येही असाच बंद नळ्यांतून फिरणारा गॅस असतो. फ्रिज पंधरा वर्षं चालतो आणि कोणी दरवर्षी त्यात गॅस भरत नाही. एसीत गॅस कमी झाला याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत पुन्हा हवेत.

गळती बहुतेक वेळा सापडते ती इनडोअर आणि आउटडोअर जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांच्या फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळीचं पसरवलेलं (फ्लेअर केलेलं) तोंड दाबून धरणाऱ्या नटापाशी. नट सैल राहिला तर गळतो, पाना लावून जोरात आवळला तर नळीचं पसरवलेलं तोंड चिरतं आणि मग जास्तच गळतो. नळीचं तोंड नीट न घासता फ्लेअर केलं, तर कडेला बारीक खरखर राहते, तीही पुरते. दुसरी जागा म्हणजे आउटडोअरच्या आत एकमेकींना घासणाऱ्या नळ्या. तिसरी म्हणजे इनडोअरची कॉइल. नाल्याच्या कडेला घर असेल, तर सांडपाण्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं पाडतो आणि हळूहळू बारीक भोकं पडतात.

मेकॅनिक यायच्या आधी दोन गोष्टी स्वतः बघता येतात. एक, फिल्टर धुवा. इनडोअर कॉइलवर बर्फ धरला की "गॅस कमी आहे" असं सांगितलं जातं, पण हवा अडली तरी बर्फ धरतोच, आणि पुण्याच्या धुळीत फिल्टर महिन्याभरात चोंदतो. दोन, आउटडोअरच्या बाजूला जिथे दोन नळ्या जोडल्या आहेत तिथे टॉर्च मारा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं. गॅस गळतो तिथे तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. नटाभोवती काळपट, चिकट डाग दिसला, की गळती तिथेच समजा.

मेकॅनिक आला की क्रम असा हवा. उरलेला गॅस असेल तर साबणाच्या पाण्याने सांधे तपासणं. सापडलं नाही, तर उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घेऊन आत नायट्रोजन भरून प्रेशर धरून ठेवणं आणि काटा उतरतो का ते पाहणं. सांधा दुरुस्त करणं. मग व्हॅक्यूम पंप लावून किमान वीस मिनिटं आतली हवा आणि दमट वाफ ओढून काढणं, पंप बंद करून काटा स्थिर राहतो का ते बघणं. शेवटी चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर तोलून भरणं. व्हॅक्यूम टाळून थोडा गॅस सोडून हवा "ढकलून" देण्याची पद्धत सर्रास चालते. त्यात गॅस तर वाया जातोच, वर आत राहिलेल्या ओलाव्याने तेलात आम्ल तयार होतं आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसर जातो. फोन करतानाच "व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आहे का" असं विचारा. नसेल तर दुसऱ्याला बोलवा. आर-३२ किंचित ज्वालाग्राही आहे, त्यामुळे आत गॅस असताना नळीवर ज्योत लावू देऊ नका.

भाड्याचं घर बदलताना गॅस जास्त जातो. शिफ्टिंगवाला थेट नट सोडतो, फुस्स आवाज येतो आणि ९०० ग्रॅम गेले. योग्य पद्धतीला पंप-डाउन म्हणतात आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. एसी कूलिंगवर चालू ठेवायचा, बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन-कीने बंद करायचा, गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद करायचा. सगळा गॅस आउटडोअरमध्ये कोंडला जातो. मात्र कॉम्प्रेसर अशा अवस्थेत जास्त वेळ चालू ठेवायचा नाही, आणि नळी उघडी असेल तर हे करायचंच नाही. हवा आत ओढली गेली तर कॉम्प्रेसर फुटण्याचा धोका असतो. हे काम मेकॅनिकचंच. तुमचं काम "पंप-डाउन करूनच काढा" एवढं सांगायचं आणि समोर उभं राहायचं.

२४ ऐवजी २६ वर एसी ठेवून पंखा लावणं वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

ओला कचरा, आणि फेब्रुवारीतला पाला

बिल न येणारी दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातल्या बादलीत असते. चौघांच्या घरात रोज साधारण ६०० ग्रॅम ओला कचरा निघतो, वर्षाला २२० किलो. तो सुटा गेला तर त्याचं खत किंवा बायोगॅस होऊ शकतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, सुक्या कचऱ्यात मिसळून गेला, तर ढिगात दबतो, हवा मिळत नाही आणि मिथेन तयार होतो. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. ढीग किती खोल यावर अवलंबून, एका घराच्या वर्षभराच्या ओल्या कचऱ्याचे १२० ते २५० किलो होतात. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या या सवयीचा वास आणि कचरा डेपोच्या आगींचा धूर बरीच वर्षं सोसला आहे. तो भाग किलोच्या हिशोबात येत नाही.

घरी खत करायला २५ लिटरचे तीन डबे लागतात. एक भरत असतो, एक मुरत असतो, एक रिकामा होत असतो. डब्याच्या बाजूंना चार-पाच इंचांवर ८ मिलिमीटरची भोकं, तळाला पाच-सहा, खाली ताटली. तळाशी दोन-तीन इंच नारळाच्या शेंड्या किंवा जाड पाला, त्यावर दोन मुठी जुनं खत. जुनं खत नसेल तर वाटीभर आंबट ताक. मग रोजचा कचरा इंच-दीड इंचाचे तुकडे करून टाकायचा आणि त्यावर तेवढाच, म्हणजे आकारमानाने तेवढाच, चुरलेला सुका पाला. तीन-चार दिवसांनी खालवर करायचं. डबा भरला की दीड-दोन महिने बाजूला.

बिघडतं ते जवळजवळ नेहमी सुका माल कमी पडल्यामुळे. भाजीपाल्यात पाणी आणि नत्र जास्त असतं. कर्ब आणि हवेची पोकळी पाल्यातून मिळते. मूठभर माल घेऊन आवळून बघा. बोटांतून एखादा थेंब डोकावला तर बरोबर. पाणी ओघळलं तर पाला घाला. अमोनियासारखा उग्र वास आला तर पाला कमी पडतो आहे, वाढवा. सडक्या अंड्याचा आला तर हवा कमी पडते आहे, लगेच खालवर करा. मुंग्या लागल्या तर माल कोरडा पडला आहे, थोडं पाणी शिंपडा. पांढरी बुरशी दिसली तर काही करू नका, ती काम करते आहे. करड्या रंगाच्या जाड अळ्या दिसल्या की बहुतेक लोक डबाच बंद करतात. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. नकोशा वाटत असतील तर वर दोन इंच कोरडा पाला पसरा. ओलावा कमी झाला की त्या कमी होतात.

आंब्याच्या कोयी, करवंट्या आणि हाडं यात घालू नका. तेलकट रस्सा नको. शिळा भात चालतो, पण थोडा आणि पसरून; गोळा टाकला तर आंबतो. रसवंतीवरचा उसाचा चोथा फुकट मिळतो आणि सुका माल म्हणून चांगला, मात्र आधी कडक उन्हात खडखडीत वाळवून, नाहीतर आळीतल्या सगळ्या मुंग्या घरी येतील.

कोकोपीट विकत घेण्यापेक्षा पाला साठवणं शहाणपणाचं. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं पाला टाकतात आणि सोसायट्या तो झाडून पेटवून देतात, म्हणजे धूर आपणच खायचा आणि खत विकत आणायचं. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर आणि सोनमोहराची बारीक पानं सगळ्यांत सोपी, चुरावी लागत नाहीत. आंबा, फणस, वड यांची पानं जाड आणि चिवट. गोणीत भरून पायाखाली चुरली तरच उपयोगी. पावसाळ्याचे चार महिने सुका पाला मिळत नाही, नेमका तेव्हाच तो सर्वांत जास्त लागतो. एका घराला चुरलेल्या पाल्याच्या दोन मोठ्या गोण्या मे संपायच्या आत छपराखाली पाहिजेत. पावसाळ्यात बंद पडलेले बहुतेक डबे या दोन गोण्या नसल्यामुळे बंद पडलेले असतात.

हे जमण्यासारखं नसेल, तर "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना ओला कचरा पिशवीत न बांधता सुटा द्या.

गरम पाणी

वीस लिटरची बादली २० अंशांनी तापवायला ०.४७ युनिट लागतं. चौघांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला १.९, महिन्याला ५७ युनिट. २०० युनिटांच्या बिलातला चौथा हिस्सा. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं, तर एकट्याच्याच चार बादल्या होतात.

पुण्यातल्या बहुतेक नव्या इमारतींच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे, कारण बांधकाम परवानगीलाच तो लागतो. तो चालू आहे का, हा वेगळा प्रश्न. काचेच्या नळ्यांचा असेल तर गच्चीवर जाऊन नळ्यांची खालची टोकं बघा. टोक आरशासारखं चंदेरी असेल तर नळी ठीक. दुधासारखं पांढरं झालं असेल तर तिच्यातली निर्वात पोकळी गेली. ती नळी पाणी तापवत नाही, रात्री उलट थंड करते. सोसायटीत अशा नळ्या वर्षानुवर्षं तशाच असतात, कारण फुटलेली नळी गळते म्हणून दिसते, पांढरी पडलेली गळत नाही.

नळ्या फुटण्याचं नेहमीचं कारण गारा नसून दुपार असतं. टाकी रिकामी झाली, नळ्या कोरड्या तापल्या आणि दुपारी टँकर आल्यावर कोणी कॉक उघडला, की थंड पाणी लागून काच तडकते. पाणी तुटलं असेल तर भरणं पहाटे किंवा सूर्यास्तानंतर. दुसरा शत्रू बोअरचं पाणी. खडकवासल्याचं पाणी सौम्य आहे, पण वाघोली, उंड्रीकडे बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या इमारतींत नळ्यांच्या आत पांढरा क्षार साचतो. सोलरच्या टाकीला बोअरची लाइन जोडूच नये.

तिसरी अडचण खालच्या मजल्यांची. गच्चीपासून पंचवीस मीटर खाली येणाऱ्या पाऊण इंची पाइपात सहा-सात लिटर गार पाणी उभं असतं. ते सोडून द्यावं लागतं, म्हणून लोक गीझर लावतात, आणि मग सर्वसाधारण सभेत "आम्हाला गरम पाणी मिळत नाही, देखभाल का द्यायची" हा ठरलेला विषय. उपाय म्हणजे परतीची लाइन आणि टायमरवर पहाटे साडेपाच ते साडेआठ चालणारा छोटा पंप. पाइपांवर इन्सुलेशन नसेल तर मात्र हा पंप गरम पाणी फिरवून फिरवून गारच करतो.

गीझर वापरायचाच तर थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर, आणि आंघोळीआधी पंधरा मिनिटं चालू. गॅस गीझरमधून कार्बन कमी निघतो हे खरं, पण तो बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडने जीव घेतो. बसवायचाच तर बाहेर, उघड्यावर.

इंडक्शन आणि ई-स्कूटर

इथे एक गंमत आहे. एका सिलिंडरएवढा स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १३० युनिट लागतात, म्हणजे ९० किलो. सिलिंडरचे ४२. आजच्या ग्रिडवर इंडक्शन गॅसच्या दुप्पट कार्बन सोडतं. छतावर स्वतःचं सोलर असेल आणि स्वयंपाक दिवसा होत असेल तरच गणित उलटतं. डाळ तासभर भिजवून कुकरला लावणं तोवर जास्त कामाचं. स्कूटरचं मात्र वेगळं आहे. पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला पन्नास ग्रॅम सोडते, विजेची चार्जिंगमधला तोटा धरून पंचवीसच्या आसपास. शेगडी बरीचशी उष्णता भांड्याला देते, पेट्रोलचं इंजिन मात्र बहुतेक उष्णता वाया घालवतं; म्हणून हा फरक. शहरातल्या गर्दीत लिटरला बारा किलोमीटर देणाऱ्या कारचे किलोमीटरला १९० ग्रॅम होतात. वनाज–रामवाडी किंवा पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मेट्रोच्या वाटेवर ऑफिस असेल, तर आठवड्यातून दोन दिवस कार घरी ठेवण्याने जे साधतं ते घरातले सगळे दिवे बदलून साधत नाही.

पंखे बदला. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसच्या आसपास. पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. आधी हॉलचा आणि बेडरूमचा बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

छतावरचं सोलर बंगलेवाल्यांना सोपं आहे. एक किलोवॅट पुण्यात वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं, पावसाळ्यात बरंच कमी. पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००. सोसायटीने आधी ठराव करावा, मग सामायिक मीटरची बारा बिलं समोर ठेवून क्षमता ठरवावी; विक्रेता गच्ची मोजून ठरवतो, आणि ती क्षमता नेहमी जास्त असते. डिसेंबरमध्ये सकाळी नऊ ते चार पाण्याच्या टाकीची आणि शेजारच्या टॉवरची सावली कुठे पडते ते खडूने आखून घ्या, कारण साध्या स्ट्रिंग इन्व्हर्टरवर एका पॅनेलवरची सावलीही ओळीतल्या बाकी पॅनेलांचं उत्पादन ओढून खाली आणू शकते.

महापालिका सोलर, गांडूळखत आणि पर्जन्यजल संचय यांपैकी एक असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देते. यंत्रणा चालू असायला हवी. गच्चीवर पांढऱ्या पडलेल्या नळ्या असतील तर अर्ज करायच्या आधी त्या बदलून घ्या.